दगडाची मागची बाजू

हानबीच्या वडिलांचा अर्ज दोयॉनच्याच टेबलावर येऊन पडला, यात कुणाची लबाडी नव्हती. आमच्या देजॉनच्या कार्यालयात पेटंटचे आंतरराष्ट्रीय अर्ज कुठून कुठून येतात, आणि ज्या परीक्षकाचा जो विषय, त्याच्याकडे तो जातो. रक्ताच्या नळ्या, सुया, चिमटे, झडपा हा दोयॉनचा विषय. तीन वर्षं जिनिव्हात, जिथे या आंतरराष्ट्रीय अर्जांचं मुख्य कार्यालय आहे तिथे, नोकरी करून ती या उन्हाळ्यात परत आली होती, आणि जुनी खुर्ची गरम व्हायच्या आत हे समोर. अर्जदार मोक जोंगसू. शोध लावणारी व्यक्ती मोक हानबी, आणि त्यापुढे एक शब्द, मयत.

दोयॉनने पुढचं काही वाचलंच नाही. मैत्रिणीचा अर्ज आपण तपासायचा नसतो, एवढं नवशिक्यालाही कळतं. ती उठली आणि सरळ प्योदादांच्या खोलीत गेली. प्यो सांगहो म्हणजे तिचे वरिष्ठ. त्यांच्याच हाताखाली ती हे काम शिकली. माणूस तोंडाने फटकळ, टायवर कायम रश्श्याचा एक डाग. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले की तीन वर्षं तिकडे चीज खाऊन आलीस, आणि आल्या आल्या माझ्या डोक्यावर ओझं. पण म्हणता म्हणता अर्ज आपल्या नावावर वळवूनही घेतला.

आमचं काम लोकांना वाटतं तसं काही जादूचं नाही. शोधायचं, बस्स. अर्जात जी वस्तू सांगितलीय ती त्या तारखेच्या आधी जगात कुणी लिहून, छापून, रेखाटून लोकांसमोर ठेवलीय का, हे बघायचं. भाषा कुठलीही असो, देश कुठलाही असो. सापडलं की अहवालात त्याची नोंद करायची आणि आपलं मत द्यायचं, की बाबा, ही वस्तू नवीन आहे किंवा नाही. पेटंट काही आम्ही देत नाही, ते ज्याचा त्याचा देश देतो. पण अहवालच वाईट आला, तर पुढे त्या अर्जाकडे कुत्रंही फिरकत नाही.

आणि मोक काकांचा, म्हणजे हानबीच्या वडिलांचा, सगळा जीव त्या अहवालात अडकला होता.

काकांचं बाजारामागे स्प्रिंगांचं दुकान. बायको लवकर गेली, पोर एकटीच वाढवली. हानबी आणि दोयॉन कॉलेजात एका बाकावर. तिथेच हानबीच्या किडन्या निकामी झाल्या, आणि मग दिवसाआड डायलिसिस. एकदा शेजारच्या खाटेवरच्या आजीची सुई पांघरुणाखाली निसटली. यंत्र गप्प राहिलं, आजीही झोपलेली, आणि रक्त गादीत मुरत गेलं. कुणाच्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता. हानबी दोन दिवस जेवली नाही. मग तिने पेन्सिल घेतली. एक पातळ वाकवलेली पाती, तिचं एक टोक कातडीला चिकटवलेलं, दुसरं नळीभोवती. सुई जागेवर आहे तोवर पाती उघडी. सुई जरा हलली की पाती मिटणार, नळी चिमटली जाणार आणि यंत्र बोंब ठोकणार. ती खाटेवर पडून रेघा काढायची आणि काका दुकानात पाती वाकवायचे. एक फार कडक, एक फार मऊ. शेवटी एक जमली, आणि त्याच हिवाळ्यात हानबी तापाने गेली.

दोयॉन तेव्हा जिनिव्हात. बातमी पोचली आणि तिला यायला जमलं नाही. ते तिला आयुष्यभर सलणार होतंच.

वॉर्डातल्या नर्सबाईंनी ती पाती एका ओसाकाच्या कंपनीच्या माणसाच्या कानावर घातली. कंपनी म्हणाली, आम्ही बनवतो, पण आधी आंतरराष्ट्रीय अहवाल चांगला येऊ दे. काकांनी पैशांचं काही बोलणंच केलं नाही. त्यांची अट एकच. त्या चिमट्याला हानबी म्हणायचं. पेटीवर तसं छापायचं. कंपनीने तेही कबूल केलं. दोयॉन परत आल्यावर भेटायला गेली तेव्हा काका हे सांगताना पोरासारखे हसले होते.

"म्हणजे बघ, पोरी," ते म्हणाले, "कुठल्या कुठल्या देशातल्या नर्सा एकमेकींना विचारतील, त्या सहा नंबरच्या आजींना हानबी लावली का?"

प्योदादांनी तो अर्ज पंधरवडाभर चाळला. जपानी, जर्मन, चिनी, सगळीकडे डोकावले. एके दिवशी जेवायला नूडल्सच्या दुकानात बसलेले असताना, वाडग्यातून मान वर न करता, ते कुणाशीच न बोलल्यासारखे बोलले, की मला जे सापडतंय ते सगळं या पातीपासून लांबलांबचं आहे, आणि मी नीट शोधतो. एवढंच. दोयॉनने त्या दिवशी रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. अहवाल पुढच्या आठवड्यात जायचा होता.

त्या शनिवारी काकांबरोबर ती थडग्यावरचं गवत कापायला गेली. चुसॉकचा सण जवळ आला की आमच्याकडे घरोघर हेच चालतं. विळे घ्यायचे, डोंगर चढायचा, आपल्या माणसांचे उंचवटे साफ करायचे. तसं पाहिलं तर हानबीला थडगं असायचंच कारण नव्हतं. लग्न न झालेली, बापाआधी गेलेली पोर. तिची राख वाऱ्यावर सोडायची आणि मुकाट घरी यायचं, हीच रीत. काकांच्या थोरल्या भावाने तसं स्पष्ट सुनावलंही, की बापाने पोरीला दगड उभारायचा म्हणजे उलटी गंगा, लोक हसतील. काका म्हणाले, हसू देत. त्यांनी डोंगराच्या उतारावर एक तुकडा घेतला, आणि पुढच्या वसंतात, थडग्यांची कामं करायचा दिवस असतो त्या दिवशी, दगड उभा केला. भावांचं बोलणं तेव्हापासून बंद.

दोघांनी मिळून गवत कापलं. दोयॉनने थडग्यावर सोजूची दारू ओतली, वाकून नमस्कार केला, आणि तिकडे असताना जे रडायचं राहिलं होतं ते रडून घेतलं. काका बाजूला उभे राहून विळा पुसत होते. मग म्हणाले, मागून बघ.

आमच्याकडे दगडाच्या मागच्या बाजूवर मुलांची, सुनांची, नातवंडांची नावं कोरतात. हानबीच्या दगडामागे कुणाचं नाव कोरणार? तिथे ती पाती होती. हानबीच्याच हातची, जशीच्या तशी. नळी, सुई, पातीचा बाक, मापं, बाण, आणि बाजूला तिच्या तिरक्या अक्षरात पाती कशी मिटते ते लिहिलेलं. शेवटी शेवटी तिचा हात कापायचा, ती थरथरसुद्धा दगडात उतरली होती. काकांनी सांगितलं, की पाथरवटाने कागद दगडावर चिकटवला आणि कागदासकट छिन्नी मारली, जुन्या लोकांची तशीच पद्धत. कागदाचा भुगा झाला, पण रेघ एक केसभर हलली नाही.

"हा तिचा शेवटचा कागद होता," काका म्हणाले. "मला ठेवून काय करायचा होता? मी मेल्यावर रद्दीत गेला असता. दगड कुठे जात नाही."

दोयॉनने फोन काढला. ही रेघ आपल्याजवळ असावी, एवढंच तिच्या मनात होतं. आणि बोट दाबता दाबता ती थबकली. इतकी वर्षं जी नजर कामाच्या वेळी उघडायची आणि घरी जाताना मिटायची, ती भलत्या ठिकाणी उघडली होती. हे लिहिलेलं आहे. हे रेखाटलेलं आहे. कुणीही वाचावं, हातात कारागिरी असेल तर करून बघावं, असं आहे.

तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, इथे कुणी येतं का. काका म्हणाले, येतं म्हणजे काय, डोंगर चढणाऱ्यांची वाट इथूनच तर जाते. दगडाजवळ सावली आहे, लोक बसतात, किम्बाप खातात, मागची बाजू बघून विचारतात, काका, हे काय आहे? मग मी सांगतो.

"काय सांगता?"

"सगळं सांगतो. सुई कशी निसटते, पाती कशी मिटते. एक कुठलेसे प्राध्यापक तर तासभर बसले होते. म्हणाले, तुमची मुलगी फार हुशार होती." काकांनी दगडावरून हात फिरवला. "मला तेवढंच ऐकायचं असतं गं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण या माणसाने कुठे हात दाखवला होता? त्याने पोरीचं कौतुक केलं होतं. उतरताना दोयॉनने मनातल्या मनात तारखा लावून पाहिल्या. स्वतःची वस्तू स्वतःच उघड केली असेल, तर आपल्या देशात वर्षाची सूट मिळते. बाहेरच्या कित्येक देशांत तीही नाही. दगड वसंतातला, अर्ज त्यानंतरच्या वर्षीच्या उन्हाळ्यातला. सूटही संपून गेली होती.

पायथ्याच्या खानावळीत बसल्यावर ती बोलली. किती वेळ चमचा ढवळत बसणार?

"काका, अर्ज करताना वकिलाने विचारलं नव्हतं का, ही वस्तू आधी कुठे दाखवलीय का म्हणून?"

"विचारलं ना. प्रदर्शनात मांडली का, मासिकात छापली का, कुणाला विकली का. मी म्हटलं, नाही. दुकानातल्या कारागिरांनासुद्धा दाखवली नाही."

"आणि दगड?"

"दगड म्हणजे दाखवणं होय? ते तिच्या पाठीशी ठेवलंय मी. लोक नातवंडं ठेवतात, मी ते ठेवलं."

मग दोयॉनने सांगितलं. हळूहळू, एकेक करून सांगितलं. नवीन म्हणजे काय, लोकांसमोर म्हणजे काय, दगड आणि छापील पुस्तक यांत कायद्याला फरक का दिसत नाही. समोरच्या वाडग्यातली वाफ विरून गेली. काकांनी काड्या उचलल्या आणि परत खाली ठेवल्या.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"तसं नाही, काका."

"मीच ना. तिचं होतं ते मीच चव्हाट्यावर मांडलं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. इथे दोयॉनने आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते तिच्या ओठांवर आलंही होतं. उद्या तो दगड नाहीसा झाला तरी आता काही बदलत नाही, जे एकदा लोकांसमोर आलं ते आलं. पण काकांचा चेहरा असा काही उतरला होता की आधीच पडलेल्या माणसाला आणखी कशाला मारायचं, असं तिला वाटलं. तिने ते वाक्य गिळलं.

"तुझ्या त्या साहेबांना सांगणार तू?" काकांनी विचारलं.

"सांगावं लागेल."

"कधी?"

"सोमवारी."

काकांनी मान हलवली. त्यांनी एकदाही नको सांगूस म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला भांडता तरी आलं असतं.

रविवार तिने घरात येरझाऱ्या घालून काढला. न सांगण्यासारखं काय कमी होतं? प्योदादांना हे जन्मात सापडलं नसतं. डोंगरावरचा एक दगड, कुठल्या यंत्रात जाणार तो? अहवाल चांगला गेला असता, पेटीवर नाव छापलं गेलं असतं, नर्सांनी एकमेकींना विचारलं असतं. पण ते प्राध्यापक होते, डोंगर चढणारे होते, त्यातल्या अर्ध्यांच्या फोनमध्ये ती मागची बाजू असणार होती. कंपनीने कारखाना उभा केला, माल चालू लागला, की एखादा प्रतिस्पर्धी दगडापर्यंत पोचणारच. ते लोक पोचतातच. मग कोर्टात उभं करून म्हाताऱ्याला विचारतील, ठाऊक असून लपवलंत ना? आणि हानबीचं नाव त्या खटल्याला चिकटेल. हे सगळं खरं होतं. पण त्याहून साधी गोष्ट अशी, की डोळ्यांनी पाहिलेलं पाहिलं नाही म्हणणं तिला येत नव्हतं. त्याचा तिला त्या दिवशी संताप आला.

सोमवारी तिने प्योदादांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ डोळे चोळले.

"हे मला कुठेही सापडलं नसतं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग का आलीस?"

"उद्या तिला कुणी खोटी म्हणू नये म्हणून," दोयॉन म्हणाली.

तिने फोटो आहे म्हणून सांगितलं, तर ते म्हणाले की राहू दे तुझ्याजवळ, ऐकीव गोष्टीवर आणि दुसऱ्याच्या फोटोवर मी कुणाच्या पोरीचं काम मोडत नाही. मी स्वतः बघणार. दुसऱ्या दिवशी दोघं डोंगर चढले. प्योदादा दर वळणावर थांबून धापा टाकत होते आणि नोकरीला, गुडघ्यांना, डोंगरावर थडगी बांधणाऱ्या पूर्वजांना शिव्या देत होते.

वरून आवाज येत नव्हता. असता तर कदाचित दोयॉनला आधीच कळलं असतं. ती उंचवट्याला वळसा घालून पुढे झाली आणि तिथेच खिळली.

शनिवारी कापलेल्या गवतावर पांढरी भुकटी पसरली होती. काका दगडाला पाठ लावून खाली बसले होते. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, ओठांवरसुद्धा भुकटी. शेजारी दुकानातला बॅटरीचा ग्राइंडर पडला होता, आणि झिजून गेलेल्या तबकड्यांचा ढीग. तिला बघून ते उठले. उठताना त्यांनी दगडाचा आधार घेतला नाही, जणू त्याला हात लावायचा आता हक्क नव्हता. ते बाजूला सरकले आणि प्योदादांना वाकून नमस्कार करून म्हणाले:

"बघा साहेब. आता काही नाही इथे. हात फिरवून बघा. एक रेघ राहिली असेल तर सांगा, मी आहे इथे, काढून टाकतो."

दगडाची मागची बाजू कोरी होती. मन लावून घासलेली. आयुष्यभर लोखंड घासणाऱ्या हाताने घासलेली, कुठे खाच नाही, कुठे ओरखडा नाही. प्योदादांनी हात फिरवला नाही. ते पाठ वळवून खाली शहराकडे बघत उभे राहिले.

"काका," दोयॉन म्हणाली.

"काल सकाळपासून लागलोय. बॅटरी संपली की खाली जायचो, चार्ज करून आणायचो. वाईट भाग निघाला की झालं ना? स्प्रिंगला खोट राहिली की मी घासूनच काढतो. झालं ना आता? लिहितील ना हे, की नवीन आहे?"

"नाही, काका."

"का नाही?"

"लोकांनी ते वाचून झालंय. आता पुसलं तरी ते वाचलेलंच राहतं. दगड असला काय, नसला काय."

काकांना समजायला वेळ लागला. त्यांनी एकदा दगडाकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे. मग ते तिच्याकडे वळले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच फार वाईट होतं.

"हे तू शनिवारी नाही सांगितलंस."

"नाही सांगितलं."

"मी विचारायला हवं होतं," काका म्हणाले. "मीही नाही विचारलं."

दोयॉन गवतात बसली आणि तोंडात रुमाल कोंबून रडली. एक वाक्य. दयेपोटी गिळलेलं एक वाक्य, आणि त्यापायी म्हाताऱ्याने दोन दिवस आपल्या पोरीचं अक्षर आपल्या हाताने खरवडून काढलं होतं. कसली मैत्री आणि कसली दया! त्या शनिवारी तिने निष्ठुर व्हायला हवं होतं, आणि ती तेवढ्यापुरती चांगली वागली होती.

बऱ्याच वेळाने प्योदादा वळले. ते म्हणाले की मी आलो, सपाट दगड पाहिला, आणि परत चाललो. माझ्या डोळ्यांना बाकी काही दिसलेलं नाही. मग दोयॉनकडे बघून हळूच म्हणाले, पुढचं तुझ्या हातात आहे. तिच्या हातात म्हणजे फोनमध्ये. तिघांनाही ते कळत होतं.

काकांनी फोटो बघायला मागितला. बोट पँटला पुसलं, तरी पडद्यावर भुकटीचा ठसा उमटलाच. ते रेघांवरून बोट नेऊ लागले तर चित्र सरकून जायचं, मग दोयॉनने फोन धरून ठेवला.

"हे साहेबांना दिलंस, तर त्या अहवालात जाईल?"

"जाईल. फोटोसकट. अहवाल जिनिव्हाला जातो, तिथून जगाला दिसतो, आणि कायम राहतो."

"आणि लिहिणार कुणाच्या नावावर? माझ्या?"

"हानबीच्या. तिने काढलंय, तिचंच नाव येईल."

"पण मग चिमट्याला नाव नाही पडणार."

"नाही पडणार, काका. चिमटा मग कुणीही बनवेल. आजींचा जीव वाचेल, पण तिचं नाव नसेल त्यावर."

खालच्या वाटेने चार माणसं काठ्या टेकत वर येत होती. त्यांतल्या एकाने ओळखीचा हात केला. काकांनी हात वर केला नाही.

"न देता ठेवलास, तर काढून टाकावा लागेल ना हा फोटो?"

"काढून टाकावा लागेल. पुरावा जवळ ठेवून लपवणं मला जमणार नाही."

"मग दे त्यांना," काका म्हणाले. "एकदा पुसलं मी तिला. पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने."

प्योदादांनी काकांना विचारून दगड उभारल्याचा दिवस टिपून घेतला. काकांनी तो न अडखळता सांगितला. प्राध्यापकांबद्दलही सांगितलं, कुणी विचारलं नसताना. मग तिघं खाली उतरले, आणि वाटेत प्योदादांनी एकही शिवी दिली नाही.

अहवाल गेला. एकच कागद पुरेसा ठरला होता, म्हणजे खरं तर एकच दगड, आणि त्यामुळे अर्जातलं काहीच नवीन उरलं नव्हतं. प्योदादांनी मत लिहिताना प्रत्येक वाक्य दोनदा तपासलं, कुठे कडक शब्द आला असेल तर बदलला. त्याने काय होणार? ओसाकाहून दोन ओळींचं उत्तर आलं, फार अदबीचं. त्यांनी माघार घेतली होती.

चुसॉकच्या दिवशी दोयॉन तांदळाच्या मोदकांचा डबा घेऊन काकांकडे गेली. फोटो मोठा छापून, लाकडी चौकटीत बसवून तिने बरोबर नेला होता. दुकान बंद, मागच्या खोलीत काका एकटेच. त्यांनी डबा घेतला, तिला बसवलं, जेवलीस का विचारलं. मग भिंगाचा चष्मा लावला आणि चौकट टेबलावर आडवी ठेवून डावीकडून एकेक रेघ बघत उजवीकडे सरकले. नळी, सुई, बाण, मापं. खालच्या कोपऱ्याशी ते थांबले.

"इथे काहीतरी आडवं आलंय."

दोयॉनने वाकून पाहिलं. "माझं बोट आहे, काका. तेव्हा हात हलला माझा."

"त्याच्या खाली काय होतं?"

"पातीचं टोक असेल."

"टोकच होतं. पण वर वळलं होतं की सरळ होतं? वकिलाच्या चित्रात सरळ आहे, पण त्याने पट्टी लावून काढलंय. तिचा हात तिथे हलला होता एवढं नक्की. कुठल्या बाजूला हलला होता?"

दोयॉनने डोळे मिटले. दगड तिने एकदाच पाहिला होता, आणि त्या कोपऱ्यापर्यंत नजर जायच्या आधी तिच्यातली परीक्षक जागी झाली होती. पुष्कळ आठवून पाहिलं. तिथे तिला फक्त पांढरी भुकटी दिसत होती.

"मला नाही आठवत, काका."

"मी रोज बोट फिरवायचो तिथून," काका म्हणाले. "मलाही आठवत नाही."

त्यांनी चष्मा काढला नाही. टेबलावरच, चौकटीच्या बाजूला, ते बोटाने ती रेघ काढून बघू लागले, एकदा वर वळवून, एकदा सरळ नेऊन.